घरटी एक माणूस

१ जुलै, सोमवार

आज सकाळी काळुरामशेठ घरत घरी आले. न कळवता. मी बनियनवर खिडकीच्या बिजागऱ्यांना तेल घालत होतो आणि अनिताने बाहेरच्या खोलीत शिवणाच्या ब्लाउजचे तुकडे पसरले होते. धाटावच्या एमआयडीसीत ज्यांचा ड्रम बनवायचा एवढा मोठा कारखाना, रोह्यापासून पेणपर्यंत ज्यांना लोक शेठ म्हणतात, ते गृहस्थ चपला बाहेर नीट जोडून आत आले आणि ब्लाउजचे तुकडे चुकवत खुर्चीच्या टोकावर बसले.

गेल्या वर्षी आमची कंपनी बंद पडल्यापासून जो तो मला कामं सुचवत असतो. मेव्हण्याने तर पेणच्या आपल्या मेडिकल दुकानात "नुसतं गल्ल्यावर बसा हो भाऊजी" म्हटलं होतं. तीन-तीन शिफ्टची माणसं ज्याने हाकली त्याने गल्ल्यावर बसायचं! मी सांगून टाकलं, टिपणिसांच्या घरात अजून उपकाराचं अन्न शिजत नाही. अनिता त्यानंतर बरेच दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलत होती.

शेठांचं प्रकरण मात्र निराळं निघालं. ते द्यायला नाही, मागायला आले होते.

"साहेब, डायलिसिसच्या पेशंटसाठी आमच्या ट्रस्टची गारी घेतलीय. रोह्याशी निघायची, पेणला जायची, सोम-बुध-शुक्र. पन चालवायची अक्कल नाय आमाला. एक दिवस लवकर, एक दिवस उशिरा. कोन कुठं उभा रायलाय कोनाला पत्ता नाय. शिस्तीचा मानूस भेटत नाय हो. तुमच्या शिफ्टला म्हनं भोंग्याच्या आधी मानसं हजर असायची."

हे खरं आहे, पण त्यांना कोणी सांगितलं कोण जाणे. मग मान खाली घालून म्हणाले, "पगार घ्यावा लागंल हां. ट्रस्टचा नियम हाय, माजा इलाज नाय."

बिचारे पगाराबद्दल माफी मागत होते. चहा घेऊन आली तेव्हा अनिताचे डोळे लाल होते. कांदा चिरत होते म्हणाली. चहात कांदा कशाला, हे मी पाहुण्यांसमोर विचारलं नाही. विचार करून सांगतो म्हटलं. लगेच हो म्हटलं तर माणसाची किंमत राहत नाही.

८ जुलै, सोमवार

पहिला दिवस. गाडी चांगली आहे, ड्रायव्हर आदेश त्याहून चांगला, फक्त त्याला घड्याळ ही वस्तू ठाऊक नव्हती. आता झाली. रोह्यातून तिघं, मग निडीला ठमाबाई, मग नागोठण्यावरून सरळ पेण. मशीनवर चार तास, पुन्हा सगळ्यांना घरी सोडायचं. काम साधं आहे, पण चुकलं तर माणूस जातो. किडनी थांबलेल्या माणसाच्या अंगात पाणी आणि विष साठत राहतं, ते मशीनने वेळच्या वेळी काढलंच पाहिजे.

ठमाबाई सत्तरीच्या पुढच्या. भात आणि वाल पिकवणारं घर. सून सोबत येते, कारण म्हातारीला परत येताना चक्कर येते. मी गाडीचे नियम सांगितले. वेळ, जागा, पट्टा. म्हातारीने सगळं ऐकून घेतलं आणि सुनेला म्हणाली, "ह्यो मास्तर नवा हाय व्हय गो?"

शेठांनी गोष्ट सोपवली ती योग्य माणसाकडे, एवढं मी म्हणेन.

२५ जुलै, गुरुवार

आज शेठांबरोबर खांबच्या बाजूला एका शाळेत गेलो होतो. शाळेला पाणी साठवायला काही नाही. शेठ मुख्याध्यापिका रोहिणीबाईंना म्हणाले, "बाय, माज्यावर मेहरबानी करा. गोदामान ड्रम परून हायत, पाय ठेवायला जागा नाय. तुमी नेलेत तं माजी जागा मोकळी व्हईल."

रोहिणीबाई आदल्या आठवड्यात कुणा पुढाऱ्याच्या टाक्या नको म्हणाल्या होत्या, असं आदेश सांगत होता. शेठांना मात्र, "बरं, अडचणच आहे तुमची, तर पाठवा," म्हणाल्या.

ते ड्रम मी पाहिले. कोरे करकरीत! वरचा कागदसुद्धा निघालेला नव्हता. खाण्याचं तेल भरायचे, महागातले. असा माल जागा अडवतो म्हणून फुंकून टाकायचा? निडीच्या मुलींच्या कबड्डीच्या संघाचंही तेच. "आमच्या कंपनीची जाहिरात करा" म्हणून संघाला जर्सी दिल्या, आणि कंपनीचं नाव एवढं बारीक छापलंय की भिंग लावावं लागेल. परत येताना मालसाठा आणि जाहिरात या दोन्ही विषयांवर त्यांना चार शब्द सुनावले. मान डोलावत ऐकत होते. "तुमी नसता तं हे मना कोन सांगनार," म्हणाले.

मनाने राजा माणूस. व्यवहार मात्र शून्य. एवढा कारखाना कसा उभा केला, देव जाणे.

१२ ऑगस्ट, सोमवार

जाहिरात कशी असते ते दाखवून दिलं. गाडीच्या दोन्ही अंगांना लाल अक्षरांत लिहून घेतलं: "गरीब व गरजू डायलिसिस रुग्णांसाठी मोफत सेवा. काळुरामशेठ घरत यांच्या सौजन्याने." हायवेच्या पलीकडून वाचता येतं.

शेठांनी गाडीभोवती एक फेरी मारली, मान खाजवली आणि म्हणाले, "अक्षर झकास हाय." मग फोन आला म्हणून गेले.

२३ ऑगस्ट, शुक्रवार

शिस्त बिघडते आहे. रोह्यातला एक पेशंट घरासमोरून चढायचा, तो आता पुलापलीकडे उभा राहतो. दुसरा गाडीत बसला की डोक्यावर टॉवेल घेतो. आदेशला विचारलं तर म्हणतो, "ऊन लागत असेल साहेब." ऑगस्टात? ढगांतून सूर्य दिसत नाही आठ दिवस.

पेणच्या डायलिसिस केंद्रातल्या सिस्टर आज म्हणाल्या की गडबच्या बाजूची एक बाई दोन वेळा आलेली नाही. पुतळीबाई म्हणून. भाचा मोटारसायकलवरून आणायचा, त्याला उरणला नोकरी लागली. आमची गाडी गडबवरूनच जाते. सोमवारी जाऊन येतो. पाच मिनिटांचं काम आहे.

२६ ऑगस्ट, सोमवार

पाच मिनिटांचंच काम झालं.

गडबपासून खाली खाडीकडे उतरलं की खारजुई. एका अंगाला मिठागरं, एका अंगाला खारी शेतं, आणि मध्ये खाडी अडवून धरणारा मातीचा लांबच लांब बांध. पुतळीबाई दारातच बसली होती. पन्नाशीच्या आतली, विधवा, सगळं आयुष्य मिठागरावर गेलेलं. पाय सुजलेले. मी गाडीची सगळी माहिती दिली. तिने माझ्या खांद्यावरून गाडीकडे पाहिलं. वाचता येतं तिला.

"मी गरजू नाय," ती म्हणाली.

"अहो, ते लिहायचं असतं."

"ज्याला पायजेल त्याला बसवा. मना कनाला गारी? मी जाईन माजी येश्टीनं."

हायवेपर्यंतचा कच्चा रस्ता तिच्याने त्या पायांनी चालवणार नाही हे तिलाही दिसत होतं. मी पुन्हा सांगायला लागलो तर आत गेली आणि दार लोटलं. खूप हट्टी बायका पाहिल्या, पण स्वतःच्या जिवाशी वैर धरणारी ही पहिलीच.

२ सप्टेंबर, सोमवार

शुक्रवारी पुतळीबाईला श्वास लागला म्हणून शेजाऱ्यांनी पेणला नेऊन टाकलं. वाचली. डॉक्टर म्हणाले, पुन्हा इतके दिवस चुकवलं तर आणण्यात अर्थ नाही.

आता तरी शहाणी झाली असेल म्हणून आज घरी गेलो. नाही. मी विज्ञान सांगितलं, नियम सांगितले, शेवटी आवाज चढला. "मराल तुम्ही!" असं ओरडलो. आदेश गाडीतून उतरून आला एवढ्या मोठ्याने.

ती चिडली नाही. म्हणाली, "घरवाला गेला तवा नात्यातल्यांनी तांदूळ धाडला. एक वरीस. मी मिठागरावर जाऊन पै न पै फेरली. आजून लग्नान, मयतान, चार बायकांत बोलतात, आमी व्हतो म्हून पुतळी जगली. देनारा मानूस इसरत नाय, साहेब. तुमच्या गारीवर तं लिवलेलाच हाय."

मी गाडीत येऊन बसलो.

३ सप्टेंबर, मंगळवार

धाटावला जाऊन शेठांना सगळं सांगितलं. खारजुई त्यांचंच गाव, हे मला आजच कळलं. म्हटलं, मग तुम्हीच जा ना, तुमचं ऐकेल.

"मी गेलो तं दार लावून घेईल. गाववाल्याचा तं ती नायच घेनार. तुमीच बघा. मना यातला काय कलत नाय." मग चहाची बशी फिरवत म्हणाले, "साहेब, समजा तुमी तिच्या जागी असता. तं बसला असता त्या गारीन?"

"मी? लाल अक्षरांत गरीब आणि गरजू लिहिलेल्या गाडीत? मेलो असतो तरी..." इथे मी थांबलो.

शेठ बशीतला चहा पीत राहिले. साधा प्रश्न विचारला होता त्यांनी, खोच वगैरे नव्हती. तशी त्यांच्या स्वभावातच नाही.

संध्याकाळी पेंटरला बोलावून दोन्ही अंगांची अक्षरं पुसून घेतली. आदेशला सांगितलं, रंग उडत चालला होता.

६ सप्टेंबर, शुक्रवार

उद्या गणपती. सगळा रोहा बाजारात, आणि मी मात्र पुतळीबाईच्या विचारात. अक्षरं गेली तरी ती येत नाही. सोमवारची फेरी कशीबशी एस.टी.ने केली, बुधवारी चुकवली. असं एक आड एक ओढून किती दिवस निघतील?

त्यात ठमाबाईच्या सुनेला कंपनीत सकाळची शिफ्ट लागली. म्हातारीसोबत आता कोणी नाही. आज परत येताना तिला चक्कर आली आणि मला तिचं डोकं मांडीवर घेऊन बसावं लागलं. एका हाताने पाण्याची बाटली, एका हाताने म्हातारी. तिच्याबरोबर बाईमाणूस हवं.

हे लिहिता लिहिता एक गोष्ट डोक्यात आली आहे. अनिताला सांगितली तर ती हातातलं काम ठेवून माझ्याकडे बघतच राहिली. "तुम्हाला हे सुचलं?" म्हणाली. का, मला सुचू नये?

९ सप्टेंबर, सोमवार

आयुष्यात कुणाच्या दारात मागायला गेलो नव्हतो, आज गेलो. पहाटेच.

"पुतळीबाई, तुमच्याकडे मदत मागायला आलोय. निडीची एक म्हातारी आहे, एकटी जाते, वाटेत चक्कर येऊन पडते. बाईमाणसाशिवाय चालणार नाही. पुरुषांनी किती सांभाळायचं? तुम्हाला तिथलं सगळं माहीत आहे. तुम्ही तिच्या सोबतीला आलात तर माझी नोकरी वाचेल."

नोकरीचं शेवटचं वाक्य आयत्या वेळी तोंडातून गेलं. मला खोटं बोलायची सवय नाही, कानशिलं तापली होती. ती माझ्याकडे बघत होती.

"म्हातारी एकटीच जाते?"

"अगदी एकटी."

"सून काय करते?"

"शिफ्टला."

"थांबा," म्हणाली. आत जाऊन पातळ बदललं, दाराला कडी घातली आणि गाडीत ठमाबाईच्या शेजारी जाऊन बसली.

आता ठमाबाई तरी कुठे सरळ. "माज्यावर राखण कशाला? मी काय पोर हाय व्हय?" असं ती म्हणणार, हे मला आधीच ठाऊक होतं. म्हणून निडीलाच तिला सांगून ठेवलं होतं की खाडीकडची एक बाई येणार आहे, बिचारी फार घाबरट, मशीनला भिते, जरा सांभाळून घ्या. म्हातारी एकदम ताठ बसली. म्हणाली, "येवं दे. मी हाय."

दोघींना दोन गोष्टी सांगितल्या, हे पाप असलं तर माझ्या माथी. शेठांना यातलं काही सांगितलेलं नाही. सरळमार्गी माणूस, त्यांना असल्या युक्त्या कळायच्या नाहीत, आणि कळल्या तर आवडायच्या नाहीत.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

पुतळीबाईने एकही वार चुकवलेला नाही. पायांची सूज उतरली. गाडीत मात्र कानठळ्या. या पेशंटांना मीठ आणि पाणी दोन्ही मोजून घ्यावं लागतं. म्हातारीने पदराआडून लोणच्याची फोड काढली की मिठागरावरची बाई ती हिसकावून खिडकीबाहेर टाकते. "जल्म मिठान काढला मी, मना शिकवतेस? मेलीस तं लोनचा कोन खानार गो?" मग म्हातारी तिच्या बाटलीत किती पाणी उरलंय ते उजेडात धरून बघते. सुया टोचताना एकमेकींना धीर देतात. पुलापलीकडे उभा राहणारा गृहस्थ पुन्हा घरासमोरून चढायला लागला, आणि टॉवेलवाल्याचा टॉवेल गेला. गाडीत एवढी करमणूक असल्यावर तोंड कशाला झाकायचं?

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

अंग नुसतं मोडून आलं आहे, पण आजचं आजच लिहायला हवं.

काल पौर्णिमेचं उधाण होतं. खारजुईच्या बांधाला खांड पडली, म्हणजे भगदाडच. खाडीचं पाणी शेतात घुसायला लागलं. भात कापणीला आलेलं. एकदा खारं पाणी उभ्या पिकात शिरलं की ते पीक गेलं, आणि पुढची दोन-तीन वर्षं जमीनही गेली. या गावांची रीत आहे: खांड पडली की घरटी एक माणूस बांधावर. मजुरी नाही, बोलावणं नाही. सकाळची ओहोटी लागली की पुढच्या भरतीपर्यंत चिखलाचे गोळे हातोहात देऊन ती बुजवायची. मशीन तिथे जातच नाही, चिखलात रुतून बसतं.

आम्ही पोचलो तर पुतळीबाईच्या दाराला कडी. ती बांधावर. मी धावत गेलो. रांगेत उभी होती, गुडघाभर चिखलात, आणि गोळे घेत होती. डायलिसिसच्या सुया ज्या हातात टोचतात त्या हाताने ओझं उचलायचं नसतं, तिथली शीर फुटली तर खेळ खलास. तोच हात ती पुढे करत होती.

"चला, गाडी थांबलीय."

"माज्या घरान दुसरा मानूस नाय, साहेब. आज नाय येत."

"बुधवारी अंगात पाणी साठून तुमचं वजन किती वाढलं होतं माहीत आहे ना?"

"सगल्या घरचा एकेक हाय. माजाच घर रिकामा ठेवू?"

मागे वळून बघतो तर ठमाबाई आदेशच्या आधाराने बांधावर येतेय. म्हणाली, "ही नाय तं मी पन नाय जात," आणि बांधावर बसकण मारली. गाडीत बाकीचे तिघं खोळंबले होते. केंद्रात मशीनची वेळ गेली की दुसरा पेशंट लावतात. दोघींचं चुकणार, आणि भरती काही कुणाला थांबायची नाही.

मला राग आला होता. कुणाचा ते आता सांगता येणार नाही. मी बूट काढले, पँट वर दुमडली आणि चिखलात उतरलो. थेट मांडीपर्यंत गेलो. पुतळीबाईला खांद्याला धरून रांगेतून बाहेर काढलं आणि तिच्या जागी उभा राहिलो.

"आज या घरचा माणूस मी," म्हटलं. "लावा नाव. आता जा."

रांगेत कोणी हसलं नाही. पुतळीबाई तिथेच उभी राहिली. मग पलीकडच्या माणसाने माझ्या हातात गोळा दिला, थंडगार आणि धोंड्यासारखा जड, आणि मी तो पुढच्याला दिला. त्यावर ती वळली, म्हातारीला उठवलं आणि दोघी गाडीकडे गेल्या.

खूप वेळाने मान वर केली तेव्हा गोळा देणारा माणूस कोण ते दिसलं. लंगोटीएवढी दुमडलेली चड्डी, डोक्याला पंचा, तोंडावर चिखल. काळुरामशेठ.

"तुम्ही?"

"माजा पन घर हाय इथं," ते म्हणाले. "घरटी एक. पोरगा मुंबईला, तं मी." आणि पुढचा गोळा दिला.

त्यांनी कारखान्यातून शंभर माणसं आणली असती. तसं बोललोही. तर म्हणाले, "आनली असती. मंग गावाचा बांध नसता रायला, माजा झाला असता." नंतर बोलायला दम उरला नाही. पाणी चढायला लागलं तेव्हा खांड बुजली होती. शेठांचा पाय कालवाच्या धारदार शिंपल्याने कापला होता, रक्त चिखलात दिसतही नव्हतं. मला कुणीतरी भाकरी आणून दिली. पुतळीच्या घरचा म्हणून.

२१ ऑक्टोबर, सोमवार

परत येताना ठमाबाई झोपली होती. पुतळीबाई माझ्या मागच्या सीटवर. गाडी सुरू झाल्यावर हळूच म्हणाली, "साहेब, एक सांगू? मना पयल्या दिसापासून ठाव हाय."

"काय?"

"म्हातारीनं गारीन बसल्या बसल्याच मना इचारला, तुजा भ्या गेला का गो? तवाच समजली मी, तुमी दोघींना दोन गोष्टी सांगितल्यात."

"मग आलात कशाला?" मी विचारलं.

"तुमाला खोटा बोलायला येत नाय. कान लाल झालं व्हतं. मी म्हनला, यवरा ताठ मानूस माज्या दारान येऊन खोटा बोलतंय, मान खाली घालतंय, तं हा उपकार करनारा नसंल. उपकार करनारा खराच बोलतो, आन चार मानसांत बोलतो." मग झोपलेल्या म्हातारीच्या अंगावरचं पातळ नीट केलं. "आता तं ती माज्याबिगर सुई लावून घेत नाय. खोट्याचा खरा झाला."

थोड्या वेळाने तिनेच विचारलं, "तुमाला शेठनी कसा आनला या कामावर?"

"त्यांना शिस्तीचा माणूस मिळत नव्हता. स्वतः घरी आले होते मागायला."

"व्हय," पुतळीबाई म्हणाली. "नसंलच भेटला." आणि खिडकीकडे तोंड केलं. तिचे खांदे हलत होते. डायलिसिसनंतर थंडी वाजते म्हणून मी आदेशला काचा वर घ्यायला सांगितलं.

२३ ऑक्टोबर, बुधवार

थंडी वाजत नव्हती पुतळीबाईला, हसत होती ती.

दोन दिवस डोक्यात एकच घोळतंय. कागदही न निघालेले ड्रम जागा कसे अडवतील? ट्रस्टचा असा कोणता नियम असतो की पगार घ्यावाच लागतो? आमच्या शिफ्टची गोष्ट त्यांना कोणी सांगितली? काल अनिताला सरळ विचारलं, "शेठ घरी आले त्याच्या आधी तुझा भाऊ त्यांना भेटला होता का?"

तिची सुई थांबली. "जेवायला वाढू का?" म्हणाली.

आज गाडीचं काम आटोपून तडक धाटावला गेलो. मनात वाक्यं तयार होती. मला गरजू समजलात, मला फसवलंत, उद्यापासून दुसरा माणूस बघा. शेठ केबिनमध्ये एकटेच होते, पट्टी बांधलेला पाय खुर्चीवर ठेवून. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि त्यांना कळलं. एरवी मला बघताच त्यांची काहीतरी अडचण निघते. आज एकही निघाली नाही. पाय खाली घेतला, उठून उभे राहिले आणि बघत राहिले. बांधावर उधाणाचं पाणी चढत होतं तेव्हा या माणसाचा चेहरा हललेला मी पाहिला नव्हता. आज ते घाबरले होते. मी जातो की काय म्हणून.

एवढा मोठा माणूस माझ्यासाठी घाबरलेला बघवेना.

"शुक्रवारपासून गाडी जरा लवकर काढावी म्हणतो," मी म्हटलं. "ठमाबाईला चढायला वेळ लागतो."

"तुमी म्हनाल तसा, साहेब," शेठ म्हणाले. त्यांनी पुढे केलेल्या खुर्चीवर मी बसलो आणि आम्ही चहा घेतला.

सगळं ठाऊक असून पुतळीबाई गाडीत बसते. मग मला बसायला काय झालं?